जगज्जेता न झालेला मॉसच का?

फॉर्म्युला वनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "सगळ्यांत भारी ड्रायव्हर कोण?" सेना, शूमाकर, हॅमिल्टन यांपैकी एखादं नाव मी घेईन अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. मी म्हणतो, स्टर्लिंग मॉस, पन्नासच्या दशकातला ब्रिटिश ड्रायव्हर. मग मोबाइल निघतो, शोधाशोध होते आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "अहो, हा तर एकदाही जगज्जेता नाही! मग हाच का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. त्याची अख्खी कारकीर्द सांगत बसत नाही, एकच रेस सांगतो. मोनॅको ग्रां प्री, १४ मे १९६१.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६१पासून फॉर्म्युला वनचा नियम बदलला. अडीच लिटरची इंजिनं गेली, दीड लिटरची आली. ब्रिटिश संघांना हा बदल मुळीच मान्य नव्हता. आपण विरोध केला की नियम मागे घेतला जाईल या भरवशावर ते बसून राहिले आणि नवं इंजिन काही वेळेवर तयार झालं नाही. फेरारीने तक्रार करत न बसता काम केलं. फॉर्म्युला टू या खालच्या वर्गातलं दीड लिटरचं व्ही-सिक्स (सहा सिलिंडरचं) इंजिन त्यांच्याकडे होतंच, ते त्यांनी आणखी ताकदवान केलं. त्यामुळे हंगाम सुरू झाला तेव्हा ब्रिटिशांच्या गाड्यांत चार सिलिंडरचं क्लायमॅक्स इंजिन, ताकद दीडशे अश्वशक्तीच्या आसपास. फेरारीकडे जवळपास एकशे नव्वद. गाड्यांची वजनं साडेचारशे-पाचशे किलोंच्या घरात असताना चाळीस अश्वशक्तींचा फरक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मॉस लोटस ही ब्रिटिश गाडी चालवायचा, पण तो लोटस कंपनीचा ड्रायव्हर नव्हता. तो रॉब वॉकर नावाच्या एका हौशी, श्रीमंत माणसासाठी गाडी चालवायचा. (हो, जॉनी वॉकर व्हिस्कीवाल्या घराण्यातलाच.) वॉकर लोटसकडून गाडी विकत घ्यायचा, ती गडद निळी रंगवायचा, नाकावर पांढरा पट्टा मारायचा. लोटसने त्या वर्षी नवी गाडी काढली, लोटस २१. ती वॉकरला मिळाली नाही, कारण लोटसचा करार एका तेल कंपनीशी आणि वॉकरचा दुसरीशी. जगातल्या सर्वोत्तम ड्रायव्हरला जुन्या लोटस १८वर भागवावं लागलं, ते पेट्रोलच्या भांडणापायी. मोटर रेसिंगमध्ये पैशांचं राजकारण आता आता आलं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवावं.

तरीही सरावात सर्वांत वेगवान फेरी मॉसनेच मारली, १ मिनिट ३९.१ सेकंद. त्याच्या शेजारी फेरारीचा रिची जिंथर आणि लोटसचा तरुण जिम क्लार्क. फेरारीच्या तीन गाड्यांपैकी सर्वांत नवं आणि ताकदवान इंजिन जिंथरच्या गाडीत होतं. फिल हिल आणि वोल्फगांग फॉन ट्रिप्स हे त्याचे सहकारी.

रेस सुरू व्हायला थोडा वेळ उरला असताना मॉसच्या गाडीच्या चॅसीची, म्हणजे सांगाड्याची, एक नळी तडकलेली सापडली. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरलेली. त्याचा मेकॅनिक आल्फ फ्रान्सिस याने टाकीवर ओले टॉवेल गुंडाळले आणि तिथेच, गाड्यांच्या रांगेत उभं राहून वेल्डिंग केलं. आसपासची मंडळी अर्थातच लांब सरकली. आज कुणी हे करू पाहिलं तर गाडी राहिली बाजूला, त्या माणसालाच आधी ट्रॅकबाहेर काढतील.

दुसरी गंमत अशी की दुपारी उकाडा असल्याने मॉसने गाडीच्या दोन्ही बाजूंचे पत्रे काढून टाकायला लावले होते. वारा लागावा आणि थोडं वजनही वाचावं म्हणून. त्यामुळे त्या रेसचे फोटो पाहिले तर नळ्यांच्या सांगाड्यातून त्याचा दंड, कंबर, मांडी सगळं दिसतं. रस्त्याकडेच्या माणसाला ड्रायव्हर अख्खा दिसत होता. मोनॅकोची रेस शहरातल्या रस्त्यांवरच होते, त्यामुळे शेजारी भिंती, पदपथाच्या कडा, दिव्यांचे खांब आणि एका बाजूला बंदर. सहाच वर्षांपूर्वी आल्बेर्तो आस्कारी हा इटालियन ड्रायव्हर याच रस्त्यावरून गाडीसकट समुद्रात गेला होता. तो पोहून बाहेर आला, ही गोष्ट वेगळी.

सुरुवातीला जिंथर पुढे निघाला. क्लार्क त्याच्या मागे, पण त्याच्या गाडीत लवकरच बिघाड झाला. चौदाव्या फेरीला मॉसने जिंथरला मागे टाकलं. तिथून पुढे शंभराव्या, म्हणजे शेवटच्या फेरीपर्यंत मॉस पहिलाच होता.

एवढंच. घडामोड म्हणाल तर इतकीच, आणि इथेच विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. ना शेवटच्या वळणावरची झेप, ना धडक, ना पाऊस. पण खरी रेस इथून सुरू होते. आधी मॉसची आघाडी दहाएक सेकंदांपर्यंत वाढली. मग फिल हिल दुसऱ्या क्रमांकावर आला आणि ती हळूहळू वितळायला लागली. रेस अर्ध्यावर आली तोवर अंतर तीन-चार सेकंदांवर आलं होतं. बघणाऱ्यांना वाटलं, आता फेरारी कधीही पुढे जाईल. ती गेली नाही. पुढे पाऊण रेस झाल्यावर हिलच्या जागी पुन्हा जिंथर आला, पिटमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघाच्या तळावरून, त्याला सगळं पणाला लावायचा इशारा मिळाला आणि त्याने ते लावलंही. चौऱ्याऐंशीव्या फेरीला त्याने १ मिनिट ३६.३ सेकंदांची वेळ दिली. सरावातल्या सर्वांत वेगवान फेरीपेक्षा जवळपास तीन सेकंद कमी! आणि मॉसने काय करावं? पुढच्याच फेरीला नेमकी तीच वेळ, १:३६.३. सर्वांत वेगवान फेरीचा विक्रम दोघांच्या नावावर लागला.

शेवटी मॉस जिंकला ३.६ सेकंदांनी. हिल तिसरा, चाळीसएक सेकंद मागे. चौथ्या क्रमांकाचा फॉन ट्रिप्स दोन फेऱ्या मागे पडला होता.

आता कागद-पेन्सिल घ्या, कारण माझं उत्तर या हिशेबात आहे. सरावातली त्याची सर्वोत्तम फेरी १ मिनिट ३९.१ सेकंदांची. ती शंभर वेळा, एकही चूक न करता मारली तर वेळ येते २ तास ४५ मिनिटं १० सेकंद. मॉसने रेस संपवली २ तास ४५ मिनिटं ५०.१ सेकंदांत. फरक चाळीस सेकंदांचा, म्हणजे फेरीमागे अर्धा सेकंदही नाही. त्यात उभ्या जागेवरून निघण्याचा वेळ आला, भरलेल्या टाकीचं वजन आलं, वाटेत मागे पडलेल्या गाड्यांना ओलांडणं आलं, तेरा फेऱ्या दुसऱ्याच्या मागे राहणं आलं. ड्रायव्हर सरावात जी एक फेरी जीव तोडून मारतो, ती या माणसाने पावणेतीन तास मारली. तेही दर वळणाला हाताने गिअर बदलत, कुठल्याही यंत्राच्या मदतीशिवाय स्टिअरिंग ओढत, आणि आरशात फेरारीची लाल गाडी दिसत असताना.

इथे जाणकार मंडळी एक शंका काढतात. मोनॅकोत ओव्हरटेक करताच येत नाही, मग पुढे राहण्यात काय मोठं? शंका आजच्या गाड्यांच्या बाबतीत रास्त आहे. त्या तिथे म्हणजे पेठेतल्या बोळात शिरलेली एसटी. पण १९६१च्या गाड्या अरुंद होत्या, बारीक टायरच्या होत्या. त्याच रेसमध्ये मॉसने स्वतः जिंथरला ओलांडलं आणि जिंथर आणि हिल यांच्यातही जागांची अदलाबदल झाली. शिवाय मॉस वाट अडवून बसला नव्हता. तो काही सेकंद पुढे होता आणि तेवढाच पुढे राहत होता. वाट अडवायला मागचा जवळ तर यायला हवा!

मोनॅकोच्या वळणांमुळे ताकदीतला फरक थोडा कमी झाला, हे मात्र मी मान्य करतो. बेल्जियममधल्या लांब, सरळ रस्त्यांच्या स्पाला त्याच वर्षी पहिल्या चारही जागा फेरारीने घेतल्या. पण मग संपूर्ण हंगाम पाहा. फेरारी त्या वर्षी सात रेसमध्ये उतरली आणि पाच जिंकली. उरलेल्या दोन म्हणजे मोनॅको आणि जर्मनीतलं न्युरबर्गरिंग. दोन्ही मॉसने जिंकल्या. दोन्ही ट्रॅक असे की जिथे इंजिनापेक्षा माणूस जास्त लागतो. गाडी किती आणि ड्रायव्हर किती हे फॉर्म्युला वनमध्ये कधीच नीट वेगळं काढता येत नाही, पण १९६१ साली ते जितकं वेगळं निघालं तितकं क्वचितच निघालं असेल.

जगज्जेतेपदाचं म्हणाल तर १९५५ ते १९५८ सलग चार वर्षं मॉस दुसरा आला. पहिल्या तीन वर्षी पुढे पाच वेळा जगज्जेता ठरलेला अर्जेंटिनाचा फांजिओ होता, त्याला इलाज नाही. १९५८चं मात्र मला अजून पचत नाही. मॉसने त्या वर्षी चार रेस जिंकल्या, माईक हॉथॉर्नने एक. पोर्तुगालच्या रेसनंतर हॉथॉर्नला बाद ठरवायची वेळ आली होती. बंद पडलेली गाडी त्याने उलट दिशेने ढकलत सुरू केली असा आक्षेप होता. मॉस स्वतः पंचांकडे गेला आणि म्हणाला, गाडी ट्रॅकवर नव्हती, बाजूला होती. हॉथॉर्नचे गुण वाचले. हंगाम संपला तेव्हा हॉथॉर्न ४२, मॉस ४१. एका गुणाने गेलेल्या विजेतेपदाबद्दल तुम्ही मला विचारता, तेव्हा "तो जिंकला नाही" एवढंच म्हणणं माझ्या जिवावर येतं.

१९६२ला सगळं सरळ व्हायची चिन्हं होती. एन्झो फेरारी आपली गाडी वॉकरच्या निळ्या रंगात मॉसला द्यायला तयार झाला होता. त्याआधीच, २३ एप्रिलला, इंग्लंडमधल्या गुडवुडच्या रेसमध्ये मॉसची लोटस मातीच्या बांधावर आदळली. तो महिनाभर बेशुद्ध होता. पुढच्या वर्षी त्याने एकट्याने ट्रॅकवर गाडी चालवून पाहिली. वेग वाईट नव्हता, पण पूर्वी आपोआप व्हायच्या त्या गोष्टी आता विचार करून कराव्या लागतात असं त्याच्या लक्षात आलं आणि त्याने रेसिंग सोडलं. तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता.

आता एक प्रश्न असाही आहे जो मला कुणी विचारत नाही, पण विचारायला हवा. वरचा सगळा हिशेब जिंथरलाही लागू होतो की नाही? होतो. तोही तितक्याच वेळात, फक्त ३.६ सेकंद जास्त घेऊन, शंभर फेऱ्या फिरला. पुढे १९६५ साली मेक्सिकोत होंडाला फॉर्म्युला वनमधला पहिला विजय त्यानेच मिळवून दिला आणि त्याच्या आयुष्यातली तेवढी एकच ग्रां प्री त्याने जिंकली. मोनॅकोत त्याची गाडी सरस होती म्हणून मी त्याला मॉसच्या खाली ठेवतो. फार खाली नाही.