सुई शिकताना आणि नोंदणी करताना

ॲक्युपंक्चर शिकताना सुरुवातीचे बरेच दिवस आम्हाला माणसाच्या अंगाला सुई लावूच दिली नाही. नॅपकिनची घट्ट गुंडाळी करायची, त्यावर सुई घातलेली बारीक नळी टेकवायची, वर डोकावणाऱ्या सुईच्या टोकावर बोटाने टिचकी मारायची. केसाएवढी बारीक सुई, जोर जास्त झाला की वाकते. मी फिजिओथेरपिस्ट, परळला छोटं क्लिनिक आहे, हात तयार आहे असं वाटायचं. नॅपकिनने ते उतरवलं.

मग स्वतःचा पाय. गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूचा खळगा, तिथून चार बोटं खाली, नडगीच्या कडेपासून बोटभर बाहेर. सुई आत गेली की टोचल्यासारखं कमी आणि जड, ठणकल्यासारखं जास्त वाटतं. तसं वाटलं म्हणजे जागा सापडली, असं पारंपरिक शिक्षण सांगतं. अशा ३६१ जागा पाठ करायच्या. पाठांतराचं मला फारसं काही वाटलं नाही, खरा घाम फुटला तो खांद्यावर. खांद्याच्या माथ्यावरच्या बिंदूखाली फुप्फुसाचं टोक असतं. सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरू शकते. सरांनी आधी एकमेकांच्या पाठीवर पेनाने फुप्फुसाची कड काढायला लावली, मगच सुई हातात दिली. लावलेल्या सुया कागदावर लिहायच्या, काढताना परत मोजायच्या. केसांत एखादी सहज राहून जाते.

म्हणून ‘दोन दिवसांत ॲक्युपंक्चर’चे मेसेज आले की माझं डोकं फिरतं. दोन दिवसांत नॅपकिनसुद्धा नीट जमत नाही.

ओळखीत कुणालाही सांगितलं की पहिलं नाव कोटणिसांचं निघतं. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आमच्या परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी, १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले, पण चीनमध्ये त्यांनी शल्यचिकित्सा केली आणि १९४२ मध्ये तिथेच ते वारले. सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातल्या विजयकुमार बसूंनी, कोलकात्यात. कायदाही बंगालने आधी केला, १९९६ मध्ये. आपला महाराष्ट्राचा २०१५ चा, त्याखाली परिषद आहे, नोंदणी तिथे. केंद्राने २००३ मध्ये ही एक उपचाराची रीत म्हणून मान्य केली आणि २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून. चिनी जडीबुटीचा यात संबंध नाही. चीनमध्ये पाच वर्षांच्या पदवीत दोन्ही शिकवतात. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून चिनी वैद्यकाची देशभर एकच नोंदणी आहे, पण सुईवाले, औषध देणारे आणि औषध बांधून देणारे यांचे विभाग वेगळे. मला ही वाटणी पटते.

नोंदणीत माझं घोडं अडलं ते नावावर. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या, आणि प्रशिक्षणाच्या दाखल्यावर मधलं नाव गायब. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली प्रत जोडली तेव्हा गाडी पुढे सरकली. कागद तपासणाऱ्या बाईंनी एक गोष्ट मात्र नेमकी विचारली: प्रात्यक्षिक कुठे केलं, किती तास, सही कुणाची? माझी वही सरांच्या सह्यांनी भरलेली होती, ती पुढे केली. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी शिकायला लागल्याच्या दिवसापासून अशी वही ठेवावी. मागाहून सह्या गोळा करणं म्हणजे डोक्याला ताप.

बोर्ड रंगवणाऱ्याने विचारलं, ‘मॅडम, पुढे डॉ. टाकू ना?’ नको म्हटलं. खाली फिजिओथेरपी आणि ॲक्युपंक्चर एवढंच लिहून घेतलं. आईला ते अजून रुचलेलं नाही.

सध्या कचऱ्याच्या मागे आहे. वापरलेली सुई न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकावी लागते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा नेणाऱ्यांशी करार, दोन्ही हवं. करार झालाय, परवानगीचा अर्ज भरते आहे.