डाव्या ॲक्सलचा बूट

सोमवार, रात्री

पंक्चर काढायला डावं पुढचं चाक उतरवलं, तर रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं. स्प्रिंगवरही तसाच पट्टा. हात घालून ॲक्सलच्या, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाला ताकद पोचवणाऱ्या शाफ्टच्या, बाहेरच्या जॉइंटवरचा रबरी बूट दाबून पाहिला; रबराच्या एका घडीत बोट जाईल एवढी चीर. बूट फाटला की चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याच वाटेने पाणी, वाळू आत शिरते. ऑगस्टच्या पावसात तर किती शिरली असेल, देव जाणे.

संध्याकाळी गाडी मोकळ्या मैदानावर नेली. काचा खाली घेतल्या, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि सावकाश गोल फिरवली, आधी डावीकडून, मग उजवीकडून. कट-कट आवाज आला असता तर जॉइंटमधल्या पोलादी गोळ्या आणि त्यांच्या खाचा झिजल्या असं धरावं लागलं असतं, मग नुसत्या बुटाने भागलं नसतं. बराच वेळ कान लावला. आवाज नाही. वेळेत सापडलंय.

आता हे काम मी करायचं की गॅरेजला द्यायचं, एवढंच ठरवायचं आहे. गणपतीला कणकवलीला सासरी जायचंय आणि वाटेत करूळ घाट आहे, म्हणजे ठरवायला फार दिवस नाहीत.

मंगळवार

दुपारच्या सुट्टीत दोन ठिकाणी विचारलं. मोठ्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, बूट सुटा बदलत नाही, शाफ्ट पूर्ण घ्या. म्हणजे हजारांत खर्च, आणि तोही धडधाकट जॉइंट फेकून. मला ते पटत नाही. उद्यमनगरातले मेस्त्री म्हणाले, "ताई, आवाज नसंल तर बूट किटच बदलू. पण खोलल्याबिगर मी शब्द देणार नाही." हे बोलणं मला आवडलं. किट पाचशेच्या आत, त्यात बूट, दोन क्लिपा आणि ग्रीसची पुडी. वर त्यांची मजुरी आणि गिअर ऑइल.

म्हणजे मी स्वतः केलं तर मजुरी वाचते. पण ती जास्त आहे असं मी म्हणणार नाही. त्या रबरापर्यंत पोचायला अर्धं चाक सोडवावं लागतं. गाडी जमिनीवर असतानाच ॲक्सलचा मोठा नट सैल करायचा. त्याची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून लॉक केलेली असते, ती छन्नीने उचलायची. मग गाडी वर घ्यायची, गिअर ऑइल काढायचं, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवून हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बाहेर ओढायचा आणि शाफ्ट गिअरबॉक्समधून उपसायचा. इथे ताकदीपेक्षा रीत महत्त्वाची. शाफ्टला धरून नुसता हिसका दिला तर आतला जॉइंट त्याच्या बुटातच निखळतो. टॉमी, म्हणजे उचकटायची लोखंडी दांडी, गिअरबॉक्सलगत घालून जॉइंटच्या अंगालाच उचकटावं लागतं. परत बसवताना शाफ्टचे दाते ऑइल सीलवर घासले तर सील कापलं जातं आणि नव्या बुटाबरोबर गिअरबॉक्सची गळतीही पदरात पडते.

बाहेरून चिकटवायचे, मधून चिरलेले बूटही मिळतात. शाफ्ट काढावाच लागत नाही. पण जॉइंट सतत वाकत राहणार आणि त्या शिवणीवर रोज ताण येणार. शिवाय आत गेलेली वाळू धुवायची कशी? तो पर्याय मी आजच बाद केला.

बुधवार, उशिरा

झोप येत नाही म्हणून लिहीत बसले आहे. हे काम मला स्वतः करावंसं का वाटतंय, याचं उत्तर पैशात नाही.

बाबांकडे ॲम्बॅसॅडर होती. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांची. पुढची चाकं फक्त वळायची, त्यामुळे तिथे हा जॉइंटच नव्हता. पुढच्याच चाकांनी गाडी ओढायची आणि त्याच चाकांनी वळायचंही, हे घरोघरी आलं ते मारुती ८०० मुळे. तिची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला ग्राहकाच्या हातात पडली. वळणाऱ्या चाकाला ताकद पोचवायला साधा क्रॉस-जॉइंट चालत नाही. तो वाकला की दर फेऱ्यात पुढचा शाफ्ट थोडा वेगाने, थोडा सावकाश असा फिरतो आणि गाडी हिसके देते. त्यावर १९२० च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा नावाच्या फोर्डमधल्या इंजिनिअरने तोडगा काढला: एका वाटीत सहा पोलादी गोळ्या, त्यांना धरणारा पिंजरा, आणि अशा खाचा की जॉइंट कितीही वाकला तरी गोळ्या दोन्ही शाफ्टमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावरच राहतात. त्यामुळे दोन्ही बाजूंचा वेग सारखा राहतो. १९५९ च्या छोट्या ब्रिटिश मिनीने हा जॉइंट सामान्य माणसाच्या गाडीत आणला. माझ्या गाडीत तोच आहे. मुठीएवढ्या जागेत इतकी अक्कल भरलेली वस्तू एकदा तरी आपल्या हातांनी उघडून, पुसून, ग्रीस भरून बंद करावी, ही माझी खरी इच्छा आहे.

गुरुवार

आज पार्किंगमध्ये उभी राहून नीट विचार केला. हत्यारं आहेत: सॉकेट, टॉमी, जॅक. जागा नाही. आमच्या सोसायटीत पेव्हर ब्लॉक आहेत, खाली वाळू. जॅकवर भार आला की ब्लॉक एका कडेला दबतो. घोडी, म्हणजे उचललेल्या गाडीला आधार द्यायचा लोखंडी स्टँड, लावली तरी तिचे पाय त्याच ब्लॉकवर. विटा रचून गाडीखाली जाणारे लोक मी पाहिलेत. भाराखाली वीट सांगून फुटत नाही. पावसात, उतारावर, सांडलेल्या ऑइलजवळ, शेजारची मुलं भोवती खेळत असताना मी त्या गाडीखाली जाणार नाही. कुणालाही जाऊ देणार नाही.

दुसरी अडचण नटाची. छोट्या गाडीतही तो बहुधा दीडशे न्यूटन-मीटरच्या पुढेच आवळायचा असतो. मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला पंधरा किलो टांगले तर जेवढा पीळ पडेल, जवळपास तेवढा. नेमका आकडा ज्या त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. हबचं बेअरिंग त्या नटाच्या दाबावर टिकतं. सैल राहिला तर बेअरिंग जातं, आणि ते जाणार घाटात, मागे आई बसलेली असताना. टॉर्क पाना, म्हणजे ठरलेला पीळ पडला की 'टक्' वाजणारा पाना, माझ्याकडे नाही. अंदाजाने आवळलेल्या नटावर मी आईला करूळ घाट उतरवणार नाही.

असं मांडल्यावर उत्तर समोरच होतं. काम येतं की नाही हा प्रश्नच नव्हता. कुठे करणार आणि कशाने मोजणार, हा होता. मेस्त्रींना फोन केला. तीन गोष्टी मागितल्या: नट नवा, आवळायचा टॉर्क पान्याने, आणि मी शेजारी उभी राहणार. ते म्हणाले, "राहा की. हात काळे हुत्यात म्हणून कुणी थांबत न्हाई, तुम्ही थांबताय तर बरं हाय."

शनिवार

सकाळी लवकर गेले. शाफ्ट बाकावर आला आणि जुना बूट कापला तेव्हा आतलं ग्रीस करड्या रंगाचं निघालं, बोटांत चोळलं की किंचित खरखरीत. पोटात गोळा आला. मेस्त्रींनी जॉइंट शाफ्टवरून ठोकून काढला, रॉकेलच्या तसराळ्यात टाकला आणि ब्रश माझ्या हातात दिला. पिंजरा तिरका करून एकेक गोळी बाहेर काढायला त्यांनी शिकवलं. प्रत्येक गोळी जिथून निघाली तिथेच परत जायला हवी, म्हणून कापडावर क्रमाने मांडल्या. खाचांवरून नख फिरवलं. कुठेही अडकलं नाही. एका गोळीवर बारीक धूसर डाग होता. मेस्त्रींनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली, पुसली, पुन्हा पाहिली.

"खड्डा नाही. डाग हाय. चालंल," ते म्हणाले.

मग नवं ग्रीस, काळं, मॉलिब्डेनमवालं. पुडी पूर्ण रिकामी केली, थोडं गोळ्यांमागे दाबून, बाकीचं बुटात. क्लिप बसवण्याआधी बुटाच्या कडेला स्क्रूड्रायव्हर घालून आतली हवा सोडली. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. नट आवळताना टॉर्क पाना 'टक्' वाजला, तो मी स्वतः ऐकला. मग छन्नीने कड खाचेत ठोकली.

गाडी वर होती तोवर उजवा बूटही पाहिला. घड्यांत केसासारख्या रेषा आहेत, पण चीर नाही. दोन्ही एकदम केले असते तर गिअर ऑइल एकदाच गेलं असतं, तेही मेस्त्रींनी सांगितलं. पण दिवाळीपर्यंत तो टिकेल असं त्यांचं मत पडलं, आणि मी तो मुद्दाम ठेवला. दर रविवारी चाक वळवून बघत राहीन.

दिवाळीला माहेरी, आजऱ्याला जाणार आहे. दादाचा ट्रॅक्टर उभा असतो तिथे सपाट, जाड कोबा आहे, दोन भक्कम घोड्या आहेत आणि हाताखाली दादा आहे. टॉर्क पाना चार दिवसांसाठी न्यायला मेस्त्री हो म्हणालेत. उजवा बूट मी करणार. किट आणि नवा नट आजच घेऊन ठेवलाय.