दारू सोडल्यानंतरची तिसरी रात्र
कळव्याच्या चाळीत दादाने आईची शपथ घेऊन दारू एकदम सोडली, तेव्हा आम्ही देवापुढे साखर ठेवली. तिसऱ्या रात्री मात्र त्याचे हात थरथरू लागले, त्याला भिंतीवर किडे दिसू लागले आणि वहिनी मुलांना घेऊन शेजारी जाऊन बसली. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने अचानक दारू थांबवली, तर साधारण ४८ ते ७२ तासांत असा भ्रम होऊ शकतो, क्वचित जीवही जातो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी, हे आम्हाला ठाऊक नव्हते, याची खंत मला आजही आहे. दादा वाचला. वहिनीचे मंगळसूत्र त्याआधीच गहाण पडले होते, आणि थोरला पुतण्या अजूनही जिन्यावर पावले वाजली की पुस्तक मिटतो.