पांढरीची बाटली

आठवीत असताना चित्रकलेच्या सरांनी सांगितलं, "उद्या रंगपेटी नको. आपापल्या शिवारातली मूठभर माती आणा." दुष्काळाचं वर्ष होतं, रंगपेटी तशीही दोघातिघांकडेच होती.

सर माती पाण्यात कालवायचे, रेती तळाला बसली की वरचं गढूळ पाणी धोतराच्या फडक्यातून गाळायचे. गाळलेल्या पाण्याखाली बसलेला गाळ वाळवून पाट्यावर वाटायचा आणि रात्रभर भिजवलेल्या बाभळीच्या डिंकात खलायचा. वाटताना कोणी बोलायचं नाही. चपला बाहेर.

मी पोळ्याचा बैल काढला, काळ्या मातीचा जाड थर देऊन. सकाळी बघतो तर बैलाला उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा! मला रडू आलं. सर म्हणाले, "अजिंठ्याला बघू." सहलीत त्यांनी लेप निखळलेली जागा दाखवली. मातीत भाताचं तूस, झाडापाल्याचे तंतू. तेच मातीला धरून ठेवतात. वर काव, चुना, काजळी. निळ्या रंगाचा लाजवर्द दगड तेवढा दूरदेशीचा. परतल्यावर मी कडब्याचा भुसा घालून बैल पुन्हा काढला. तो टिकला.

आमचं जुनं गाव नाथसागराखाली, जायकवाडी धरणाच्या पाण्यात गेलेलं. त्या उन्हाळ्यात पाणी हटलं, गावठाण उघडं पडलं. आजीने तिथली पांढरी, म्हणजे गावठाणाची पांढरट माती, बाटलीत भरून दिली. म्हणाली, "रंगात घाल, पण पायाखाली येईल असं काही काढू नगं."

पुढे कलाशाखेत जर्मन कलावंत वोल्फगांग लाइब यांचं काम पाहिलं. डॉक्टरकी शिकून त्यांनी ती सोडली. गावाभोवतीच्या रानातून, झुडपांवरून वर्षानुवर्षं हाताने परागकण गोळा करतात. २०१३ साली न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात हेझल नावाच्या झुडपाचे परागकण त्यांनी जमिनीवर चाळून पसरले, साधारण १८ बाय २१ फूट, पिवळेधमक. संगमरवरी शिळेच्या उथळ खोलगट भागात ते दूध ओततात. हे दूध रोज काढून नवं भरावं लागतं. माझ्या वर्गमित्रांना हे परकं वाटलं. मला पाट्याजवळची शांतता आठवली. लोक त्या पिवळ्या चौकोनाच्या कडेला उभे होते, आत कोणाचाच पाय नव्हता. आजीला हे दाखवायला हवं होतं.

आज मी मातीनेच चित्रं काढतो. यंदा सुवर्णमहोत्सवासाठी शाळेच्या भिंतीवर जुनं गाव काढलं, त्यातलं मारुतीचं देऊळ बाटलीतल्या उरलेल्या पांढरीने. अगदी वर, छताखाली.