फ्लॅश पॉइंट २५, आमचा मे महिना ४३

आमच्या युनिटमध्ये एसेन्स मिसळून बाटल्या भरतात. नांदेड, परभणी, हिंगोलीकडचे कुल्फीवाले, गारेगारवाले, गोळ्या-पेपरमिंट करणारे हे आमचे गिऱ्हाईक. बरीच वर्षं मालक मुंबईहून तयार एसेन्सचे कॅन आणायचे आणि आम्ही ते लहान बाटल्यांत भरायचो. मग ठरलं की केळ्याच्या वासाचा मूळ माल, आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेट, सरळ ड्रममध्येच आणायचा आणि इथं पातळ करायचा. केमिस्ट्री शिकलेली मी एकटीच, म्हणून गोदामाची तयारी माझ्या गळ्यात पडली.

या पदार्थाचं नाव दचकवणारं असलं तरी वास ओळखीचा आहे. पिकलेल्या केळ्यात तो निसर्गतःच असतो. अर्धापूरची केळी खाऊन मोठ्या झालेल्या माणसाला ड्रमचं झाकण उघडल्यावर भीती वाटावी तरी कशी? आमच्याकडचे सगळ्यात जुने कामगार, त्यांना सगळे मामा म्हणतात, नमुन्याची बाटली हुंगून म्हणाले, "मॅडम, ह्याला काय भ्यायचं? लेकरं खातेत की हे!" मामांचं खोटं नव्हतं. फक्त लेकराच्या कुल्फीत याचा अंश जातो आणि आमच्या गोदामात दोनशे लिटर येणार होतं.

मालासोबत येणारी सेफ्टी डेटा शीट मी आधीच मागवून घेतली. त्यातल्या एका आकड्यावर मी अडकले. फ्लॅश पॉइंट २५ अंश सेल्सिअस. द्रवावर साचलेली वाफ ठिणगी पडताच पेट घेईल, असं ते किमान तापमान. शीट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा थंड देशातलं गोदाम असावं, जिथं २५ अंश म्हणजे उन्हाळ्याचा कळस. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. हिवाळ्यातले गार तास आणि रात्री-पहाटेचा गारवा सोडला तर वर्षातला बराच काळ हा माल आपल्या फ्लॅश पॉइंटच्या वरच असणार. म्हणजे 'थंड जागी ठेवा' ही ओळ वाचून मान डोलावण्यात अर्थ नव्हता.

मी वहीत हिशेब मांडला. याची वाफ हवेत साधारण १ टक्का ते ७.५ टक्के असली की पेटू शकते. ४२ अंशाला बंद ड्रममधल्या रिकाम्या जागेत वाफेचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास निघतं. म्हणजे अर्धा रिकामा झालेला ड्रम आमच्या उन्हाळ्यात आतून पेटण्याजोग्या मिश्रणाने भरलेला असतो. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ सहसा इतकी दाट असते की हवाच कमी पडते. इथं मात्र ऊन ते मिश्रण नेमकं धोक्याच्या पट्ट्यात आणून ठेवतं. भरलेल्या ड्रमपेक्षा संपत आलेल्या ड्रमची मला जास्त धास्ती वाटायला लागली ती तेव्हापासून. मालकांना हे पटवायला वेळ लागला, कारण रिकाम्या ड्रमकडे ते भंगाराचे पैसे म्हणून बघतात.

जागेपासून सुरुवात केली. पत्र्याची शेड सोडून मागच्या बाजूची, स्लॅबची जुनी खोली घेतली. गच्चीवर चुना मारला, उन्हाकडची खिडकी बुजवली. वाफ हवेपेक्षा साडेचार पट जड, म्हणून वर जाळी ठेवून भागत नव्हतं. ती जमिनीवर पसरते, दाराखालून सरकत लांब जाते आणि दुसऱ्याच खोलीतल्या ठिणगीला जाऊन भेटते. गवंडी ऐकायला तयार नव्हता. "मॅडम, हवा वरून जाती, खालून उंदरं येतेत," असं त्याचं म्हणणं. उंदरांसाठी लोखंडी जाळी बसवली आणि झरोके फरशीला टेकूनच काढून घेतले. ड्रम फुटला तर सगळा माल आत मावेल एवढा विटांचा कठडा घातला आणि दाराला उंबरा उंच केला.

विजेच्या कामाने खिसा हलका केला. आतला दिवा फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवू शकणार नाही असा, बटण बाहेरच्या भिंतीवर, मोबाईल दाराबाहेरच्या कप्प्यात. ड्रमला आणि ज्या स्टीलच्या भांड्यात ओतायचं त्याला तांब्याच्या तारेने जोडून अर्थिंग दिलं, म्हणजे ओतताना साचणारी स्थिर वीज उतरून जाते. तारेची चिमटी रंगावर लावून उपयोग नाही, म्हणून ड्रमच्या कडेचा रंग थोडा खरवडून उघड्या पत्र्यावर लावतो. पोरांना ही चिमटी आता इतकी सवयीची झालीय की ती न लावता कोणी झाकण फिरवायला गेलं तर दुसरा ओरडतो.

कूलरवरून मात्र भांडण झालं. इकडे घरोघरी कूलर असतो, त्यामुळे खोली गार ठेवायची म्हटल्यावर प्रत्येकाने तेच सुचवलं. साध्या कूलरची मोटर आणि पंप ठिणगी टाकू शकतात, आणि तो नेमका जमिनीलगत ठेवलेला, म्हणजे वाफेच्या वाटेतच. नाही म्हणून सांगितलं. त्याऐवजी ओतायचं काम पहाटे. मार्च ते जून सकाळी आठच्या आत ड्रम बंद, नंतर कितीही तातडीची ऑर्डर येवो. आणि लाईट गेली की फ्लेमप्रूफ एक्झॉस्ट बंद पडतो, त्यामुळे लाईट गेली की ओतणंही थांबलं. लाईट किती वेळा जाते हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

सगळ्यात अवघड निघाला तो देवाचा फोटो. मागच्या खोलीत भिंतीवर मालकांच्या वडिलांच्या काळापासूनचा गणपतीचा फोटो, त्यापुढे सकाळी उदबत्ती आणि निरांजन. दहा फुटांवर ड्रम येणार. मी थेट सांगितलं असतं तर कामगार दुखावले असते, मालकही. म्हणून आधी मालकीणबाईंशी बोलले, त्यांना काकू म्हणतो आम्ही. त्या म्हणाल्या, "देव काय हिथंच बसला पायजे असं थोडंच हाय? हापिसात आणा, तिथं मी रोज फुलं तरी वाहीन." फोटो ऑफिसात आला, काकूंनी नवी चौकट करून घेतली, आणि गोदामातल्या त्या रिकाम्या खिळ्यावर मी 'काडी, बिडी, उदबत्ती बंद' अशी पाटी टांगली. ती पाटी सगळे पाळतात. फोटो नुसता काढून टाकला असता तर पाळली नसती, असं मला वाटतं.

पहिला ड्रम आला तो उन्हात ट्रक दोन दिवस उभा ठेवून. बाजूला लाल चौकोनाचं, ज्वालेचं चिन्ह, यूएन ११०४ असा धोक्याच्या मालाला दिलेला क्रमांक, आणि वरचं झाकण फुगलेलं. ट्रान्सपोर्टवाल्याला घाई, "उतरवून घ्या, सही द्या." ड्रम सावलीत उभा केला, ओली पोती टाकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लहान बूच हळू सैल केलं. सुस्स करून वाफ गेली आणि खोली केळ्यांनी भरली. सगळे हसले, मी मात्र दार उघडं ठेवून सगळ्यांना बाहेर काढलं.

या वासाची एक फसवणूक आहे. नाकाला तो फार आधी कळतो, आणि काही मिनिटांनी कळेनासा होतो, कारण नाक सरावतं. अमेरिकेत आठ तासांच्या कामासाठी हवेत १०० पीपीएम (दहा लाख भागांत शंभर भाग) ही मर्यादा धरतात, १००० पीपीएमला तिथं थांबणं धोक्याचं मानतात, आणि पेट घेण्याची खालची मर्यादा १०,००० पीपीएम. वास येतोय म्हणजे धोका नाही आणि वास जाणवत नाही म्हणजेही सुरक्षित नाही. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, डोकं जड होणं ही खूण धरायची. कापडी मास्क आणि धुळीचा मास्क याला अडवत नाहीत, सेंद्रिय वाफ शोषून घेणारी डबी (कार्ट्रिज) असलेलाच लागतो. गंमत म्हणजे असे मास्क तोंडाला नीट बसलेत का हे तपासायला हाच पदार्थ वापरतात. मास्क घालून उभं राहायचं, बाजूला याची वाफ सोडायची, केळ्याचा वास आला तर मास्क गळतोय. आम्ही तसंच केलं. मामांच्या मिशांमुळे त्यांचा मास्क बसेना. मिशा काढायला ते तयार नाहीत, त्यामुळे ओतायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. ते अजून रागावलेले आहेत.

थर्माकोलचं एक प्रात्यक्षिक मी मुद्दाम दाखवलं. खोक्याच्या तुकड्यावर चमचाभर माल टाकला, तो चुरचुरत खाली बसला आणि चिकट डाग उरला. हा पदार्थ चांगला द्रावक आहे, नेलपॉलिशसारख्या लॅकरमध्ये वापरतात तोच. पातळ रबरी हातमोजे यात लगेच फुगतात. जाड नायट्राईलचे घेतले, तेही भिजले की काढून टाकायचे, वाळवून पुन्हा घालायचे नाहीत.

पाण्याचा बंब इथं कामाचा नाही. माल पाण्यापेक्षा हलका, पाण्यात जेमतेम विरघळणारा, म्हणजे जोराचं पाणी मारलं तर जळता थर तरंगत पसरतो. अल्कोहोलला टिकणारा फेस, कोरडी पावडर किंवा सीओटू, हे ठेवले. पाण्याचा फवारा फक्त शेजारचे ड्रम गार ठेवायला. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत ही साधनं चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं. ते काम सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांडलेल्यावर भुसा टाकायची इथली जुनी सवय. भुसा स्वतःच जळतो, म्हणून कोरडी वाळू. भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात. हा नियम खरं तर आमच्याकडे येणाऱ्या बदामाच्या वासाच्या बेंझाल्डिहाईडसाठी जास्त मोलाचा, कारण ते भिजलेल्या चिंध्यांच्या ढिगाऱ्यात हवेशी संयोग होऊन आपोआप तापतं आणि ठिणगीशिवायही पेटू शकतं.

आणखी एक गोष्ट शीटमध्ये नव्हती. कुंपणालगतच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ आहे. मधमाशीच्या नांगीजवळून हल्ल्याचा इशारा म्हणून जो वास सुटतो, त्यात आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेट असतं, हे १९६२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं. आग्या माश्यांच्या इशाऱ्यातही ते आहे. सांडलेली वाळू त्या बाजूला टाकायची नाही आणि भिजलेल्या कपड्यांनी टाकीकडे हात धुवायला जायचं नाही, हे सांगितल्यावर मामाही पहिल्यांदा गंभीर झाले. आगीपेक्षा आग्या त्यांना जास्त खरा वाटतो.

गिऱ्हाइकांचं प्रकरण अजून चालू आहे. ड्रम आला हे कळल्यावर एकजण मोटरसायकलवर पाण्याची रिकामी बाटली घेऊन आला, "अस्सल द्या ताई, पातळ नको." बाटलीवर चिठ्ठी नाही, खिशात मोटरसायकलची किल्ली, शर्टाच्या खिशात काडेपेटी. नाही म्हटल्यावर तो मालकांकडे गेला. मालकांनी मला बोलावलं, मी वही दाखवली, आणि मूळ माल सुटा विकायचा नाही हे तिथंच ठरलं. उन्हाळ्यात माल थोडा थोडा मागवायचा हेही ठरलं, म्हणजे एका वेळी एकच ड्रम उघडा राहतो. भाडं त्यामुळे वाढतं. मालक दर खेपेचं बिल माझ्या टेबलावर आणून ठेवतात, काही बोलत नाहीत, आणि मी सही करून परत देते.