मल बेटाभोवती, जुन्या गॅफ कटरमधून

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओबनच्या बंदरातून, आम्ही जूनमध्ये एका जुन्या लाकडी शिडाच्या बोटीतून, म्हणजे एकाच डोलकाठीच्या गॅफ कटरमधून, मल बेटाला वळसा घालून आलो. बोट डेन्मार्कमध्ये मासेमारीसाठी बांधलेली, ओकच्या फळ्यांची, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. ती आम्ही पूर्णच भाड्याने घेतली होती. स्किपर (कप्तान) आणि त्यांची मेट (मदतनीस) बोटीकडची माणसं. बाकी इंग्लंडमधली आमची दोन कुटुंबं आणि पुण्याहून आलेली साठीतली मावशी.

अशा बोटी दोन तऱ्हांनी मिळतात. एक तर आपल्यासारखी मंडळी मिळून सगळी बोट घ्यायची, नाहीतर एकेक बंक (झोपायची फळी) घेऊन अनोळखी लोकांबरोबर जायचं. स्किपर दोन्हीकडे बोटीचाच असतो. आधुनिक फायबरची बोट परवाना दाखवून स्वतः चालवायला मिळते, पण असल्या जुन्या बोटी सहसा कोणी नवख्याच्या हाती देत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र तुम्ही प्रवासी म्हणून नुसते बसून राहाल अशी अपेक्षा कोणाचीच नसते. दोर ओढायचे, सुकाणू धरायचं, नांगर उचलायला हात लावायचा, बटाटे सोलायचे. ज्याला हे आवडणार नाही त्याने क्रूझवर जावं. आम्हाला तर तेच सगळ्यात आवडलं.

पहिल्याच सकाळी मोठं शीड चढवलं. गॅफ म्हणजे शिडाच्या वरच्या कडेला असलेलं जाड आडवं लाकूड. ते वर न्यायला दोन दोर: एक डोलकाठीकडचं टोक उचलतो, दुसरा बाहेरचं. डेकच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतात आणि गॅफ साधारण आडवा ठेवत दोन्ही दोर एका लयीत ओढतात. शीड पूर्ण वर गेलं की मग बाहेरचं टोक आणखी ताणून घ्यायचं. विजेवर चालणारं काही नाही, कप्प्या आणि खांदे. मावशी बाहेरच्या टोकाच्या दोरावर होती. तळहाताला फोड आला तरी तिने पुढच्या वेळी तीच जागा मागून घेतली.

शीड तांबूस तपकिरी होतं. आता ते कृत्रिम कापडाचं असतं आणि रंग नुसता शोभेचा. पण पूर्वी इथले कोळी सुती शिडं कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीत, आणि पुढे काथात, उकळून काढायचे. काथ म्हणजे आपला पानात घालायचाच. तो भारत आणि ब्रह्मदेशातून जहाजांनी इकडे यायचा. हे स्किपरने सांगितलं तेव्हा मावशीला भारी आनंद झाला. आपल्याकडेही मासेमारीची जाळी टिकावीत म्हणून काथ वापरायचे, हे तिला ठाऊक होतं.

ओबनहून मलच्या सामुद्रधुनीत शिरताना डावीकडे उंच खडकावर डुअर्ट किल्ला दिसतो. आत पाणी दोन्ही बाजूंनी आडोशाचं, त्यामुळे पहिल्या दिवसाला हा मार्ग उत्तम. सगळ्यांचे पाय डेकवर स्थिर होतात. मुक्काम टोबरमोरीला. १७८८ साली मासेमारीचं बंदर म्हणून आखून वसवलेलं हे गाव, धक्क्यावर रंगीत घरांची रांग. याच उपसागरात १५८८ साली स्पॅनिश आरमारातलं एक जहाज स्फोट होऊन बुडालं. तरंगत्या धक्क्यावर गरम पाण्याच्या अंघोळीची आणि कपडे धुण्याची सोय आहे. तिचा फायदा घ्या, कारण पुढे ती मिळेलच असं नाही.

बेत दुसऱ्या दिवशी पश्चिमेला जायचा होता. पण नैर्ऋत्येचा वारा चढला आणि स्किपरने सरळ थांबायचं ठरवलं. मुलं हिरमुसली. मला मात्र तो निर्णय मनापासून पटला. पश्चिमेकडे मलला अटलांटिकपासून फारसा आडोसा नाही, आणि स्टाफा बेटाजवळ रात्र काढता येईल अशी नांगराची जागाच नाही. वारा पडला तरी लाट लगेच पडत नाही. म्हणून बुकिंग करतानाच मनाशी धरून चला की ठरलेला मार्ग हा फक्त एक विचार असतो. ‘स्टाफा नक्की दाखवणार ना?’ असं विचारलं तर चांगला स्किपर ‘नाही’ म्हणेल. हो म्हणणाऱ्याबद्दल मला शंका वाटेल.

वारा वायव्येला फिरल्यावर निघालो. ट्रेशनिश बेटांपैकी लंगावर पफिन पक्षी हाताच्या अंतरावर बसलेले असतात. ते साधारण एप्रिलपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच जमिनीवर दिसतात, तेव्हा तारखा त्याप्रमाणे घ्या. छोट्या होडीतून गोलसर, निसरड्या दगडांवर उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी. पफिनची बिळं गवताखाली असतात, म्हणून पायवाट सोडू नका.

आणि मग स्टाफा. षटकोनी काळ्या खांबांचं बेट, त्यात समुद्राने कोरलेली फिंगलची गुहा. जर्मन संगीतकार मेंडेल्सन १८२९ साली इथे आला आणि त्याच सफरीत त्याला ‘हेब्रिडीज’ या वाद्यवृंद-रचनेचे सूर सुचले. संगीताचे चाहते त्यासाठी येतात. मला वेगळ्याच गोष्टीने धरून ठेवलं. हा बेसॉल्ट आहे, लाव्हा सावकाश थंड होताना आकसून तडकलेला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब याच प्रकाराने झाले. आपला लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला साधारण सहा कोटी वर्षांच्या आसपासचा, अटलांटिक उघडू लागला त्या काळातला. दोन्ही उद्रेक वेगळे, पण खडक एकाच जातीचा. स्टाफावरून मागे वळून मलच्या डोंगरांकडे पाहिलं तर एकावर एक रचलेले सपाट थर आणि मधले उभे कडे दिसतात. मावशी म्हणाली, “अरे, हे तर माळशेज!” झाडं नाहीत, धबधबे बारीक, पण पायऱ्या हुबेहूब सह्याद्रीच्या. सह्याद्री पायी फिरलेल्या माणसाने हा किनारा समुद्रातून पाहायलाच हवा. रस्त्याने मलवर गेलात तर तुम्ही त्या थरांच्या मधोमध असता. थर मोजायला पाण्यावर यावं लागतं.

स्टाफावर उतरलो तेव्हा मेट बोटीवरच थांबली, बोट बेटाजवळ फिरवत. तासाभरापेक्षा जास्त वेळ मिळेल असं गृहीत धरू नका. खांबांवरून गुहेकडे जाणारी वाट ओली असते. पक्क्या पकडीचे बूट घाला.

पुढे आयोना बेट. तिथे ख्रिस्ती धर्मप्रचारक संत कोलंबा ५६३ साली आयर्लंडहून आला. तिथल्या मठापुढचा आठव्या शतकातला दगडी क्रूस अजून मूळ जागी उभा आहे. पर्यटकांना तिथे गाडी नेता येत नाही, त्यामुळे सकाळच्या फेरीबोटीच्या आधी पोचलं तर बेट जवळजवळ आपलंच असतं, आणि स्वतःच्या बोटीने आलेल्याला ते सहज जमतं. पण आयोनाच्या खाडीत वाळूचा दांडा आहे आणि प्रवाहही ओढतो, म्हणून रात्री आम्ही दक्षिणेला टिंकर्स होलमध्ये गेलो. गुलाबी ग्रॅनाइटच्या भिंतींमधली ती अरुंद जागा या सफरीतला माझा सर्वांत आवडता मुक्काम. नांगर टाकताना भरतीच्या वेळची खोली धरून तिच्या तिप्पट-चौपट साखळी सोडतात, हे मुलं तिथे शिकली. झुलत्या शेगडीवर मावशीने पिठलं-भात केला, आणि स्किपरने दोनदा वाढून घेतला.

आता जाणाऱ्यांसाठी. जून असला तरी डेकवर थंडी असते: लोकरीचे आतले कपडे, टोपी, हातमोजे हवेतच. वरचे जलरोधक कपडे बऱ्याच बोटी देतात, आधी विचारा. चाकांची कडक बॅग अजिबात नको. ती ठेवायला जागा नसते. घडी होणारी कापडी पिशवी आणा. बंक अरुंद असतात, पडदा एवढाच आडोसा, आणि बोट जुनी असल्याने पावसात डेकमधून एखादा थेंब अंगावर पडू शकतो. संडास हातपंपाचा, त्यात कागदाशिवाय काहीही टाकायचं नाही. गोडं पाणी टाकीत मोजकं असतं.

समुद्र लागणाऱ्यांनी गोळी बोट हलायला लागल्यावर नव्हे, निघण्याच्या आधी घ्यावी. कोणती ते डॉक्टरांना विचारून. मळमळ सुरू झाली की खाली कॅबिनमध्ये जाऊ नका. डेकवर बसा, नजर क्षितिजावर ठेवा. सुकाणू हातात घेतलं तर आणखीच बरं वाटतं. आमच्यातल्या दोघांना त्यानेच बरं वाटलं. मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या मे अखेरपासून सप्टेंबरपर्यंत असतात, पण थोडाही वारा असला की त्या उडत नाहीत. किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या बोटीवर त्रास कमी.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. बेसन, मसाले, तूप ग्लासगोतच घ्या. भारतातून येणाऱ्यांनी दुधाचे पदार्थ आणू नयेत, ब्रिटनमध्ये ते नियमात बसत नाहीत.

तारखा निवडताना घरचं पंचांगही कामाला येतं. अमावास्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी उधाण असतं, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात मोठी, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे ती सगळ्यात कमी. मलच्या फेरीला याने फार फरक पडत नाही. पण दक्षिणेला जुरा आणि स्कार्बा बेटांमधल्या कॉरीव्रेकनच्या भोवऱ्याकडे जायची इच्छा असेल तर भांगाचा आठवडा मागा. तिथला प्रवाह उधाणाला आठ नॉटच्या (ताशी सुमारे १५ किलोमीटर) वर जातो, आणि स्किपर फक्त पाणी थबकतं त्या थोड्या वेळातच आत नेतात.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी मागून घ्या. एक, बोटीचं ब्रिटनच्या सागरी सुरक्षा नियमांप्रमाणे असलेलं प्रमाणपत्र, ज्यात किनाऱ्यापासून किती दूर जायला परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. अशा छोट्या व्यावसायिक बोटीला बारापेक्षा जास्त प्रवासी नेता येत नाहीत. दुसरं, हवामानामुळे सफर निघालीच नाही तर पैशांचं काय होणार, हे लेखी. जेवण, बंदराचं भाडं आणि इंधन दरात धरलंय का तेही त्याच पत्रात विचारा.

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून ओबनची गाडी तीन तासांहून थोडी जास्त घेते. दिवसाला गाड्या मोजक्याच असतात, म्हणून आदल्या संध्याकाळी पोचून ओबनमध्ये राहा. परतीचं विमान बोट बंदराला लागण्याच्या दिवशीचं काढू नका. वारा उलटा असेल तर बोट संध्याकाळी उशिरा पोचते, आणि शेवटची गाडी तोवर गेलेली असते.