आमची वाटचाल : डबा उघडण्याआधीचं पान

बेळगावच्या शहापुरात साडीच्या दुकानाच्या माडीवर आम्ही कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली, तेव्हा आमचं भांडवल म्हणजे दोन स्क्रूड्रायव्हर, एक ब्लोअर आणि विंडोज एक्सपीच्या सीड्यांचा गठ्ठा. गिऱ्हाईक यायचं, "सीपीयू लई स्लो झालाय ओ" म्हणायचं आणि आम्ही फॉरमॅट मारायचो. धंदा म्हणजे एवढंच, अशी आमची समजूत.

ती मोडली एका सौहार्द पतसंस्थेनं. त्यांचा डबा, म्हणजे कॉम्प्युटरचं कॅबिनेट, आम्ही धूळ काढून, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारी पेटी) बदलून परत दिला. दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी जिना चढून आले. "तुम्ही रॅम बदललासा. आमची ४ जीबी होती, आता सव्वातीन दाखवतंय." मी समजावून सांगितलं. आपली एक्सपी ३२ बिटची, तिला मुळात ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मोजता येतात. त्यातले काही ग्राफिक्स कार्डासारखे भाग अडवून बसतात, म्हणून रॅम पुरी असली तरी दिसते कमी. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, मग आणला तेव्हा किती दाखवत होतं?" मी गप्प. लिहून कोण ठेवलं होतं! ती एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, गेली.

टेम्पररी फाइली उडवणारा, स्टार्टअप साफ करणारा एक छोटा प्रोग्रॅम भाच्यानं आमच्यापुरता आधीच केला होता. त्या रात्री त्याला म्हटलं, साफसफाई राहू दे, आधी आत काय काय आहे ते दाखव. त्यातून आमचं पहिलं पान झालं. प्रोसेसर कुठला, मदरबोर्ड कुठला, कुठल्या स्लॉटात किती रॅम, डिस्कचा सीरियल नंबर. विंडोजमध्ये डब्ल्यूएमआय म्हणून सोय आहे, तिला विचारायचं आणि आलेलं उत्तर छापायचं. डबा आला की एक प्रिंट, जाताना दुसरी, दोन्हींवर गिऱ्हाइकाची सही.

खरी गंमत पुढे आली. असेंबल्ड मशिनांवर मदरबोर्डाच्या सीरियल नंबराच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम', म्हणजे 'मशीन बनवणाऱ्या कंपनीनं भरायचं', असं यायला लागलं. बनवणाऱ्यानं रकाना कोराच सोडलेला. खानापूरचे एक गुरुजी सही करता करता थांबले आणि म्हणाले, "हे ओईएम कोण? माझं मशीन ह्यांच्या नावावर कसं?" स्वस्तातल्या रॅमच्या पट्ट्यांवर तर नुसती शून्यं यायची. म्हणजे ज्या भांडणासाठी पान काढलं, तिथंच ते लंगडं. तेव्हापासून पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो काढून प्रिंटला जोडतो.

सगळ्यात मोठी फजिती तापमानाची. पानावर तापमान असलं की भारी दिसतं, म्हणून भाच्यानं तेही घातलं. ते केल्विनच्या दहाव्या हिश्श्यात येतं, त्याचं सेल्सिअस करून छापायचं. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मशीन तपासायला गेलो. एप्रिलचं ऊन, शेजारी भट्टी, कॅबिनेटात काळी धूळ बोटभर. पानावर मात्र २७.८५ अंश. सुपरवायझर कॅबिनेटावर हात ठेवून हसला, "साहेब, हे तर आमच्या ऑफिसच्या एसीपेक्षा बरं की!" दुकानात येऊन बघतो तर तीन वेगवेगळ्या मशिनांवर तोच आकडा. आतून ३०१० हा आकडा कायमचा येत होता. त्या बोर्डांनी खरं मोजमाप त्या वाटेनं दिलंच नव्हतं. आम्ही ती ओळ काढून टाकली. भाचा दोन दिवस नाराज होता.

उलटही झालं. टिळकवाडीतल्या एका फोटो स्टुडिओवाल्यानं ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि आमच्या पानावर दिसलं ४. तो रकानाच ३२ बिटचा, त्यापुढचा आकडा त्यात मावतच नाही. कार्ड खरं, पान खोटं. तेव्हापासून जिथं उत्तर भरवशाचं नाही तिथं आकड्याऐवजी 'माहिती मिळाली नाही' असं छापतो. काही गिऱ्हाइकांना हे कमीपणाचं वाटतं. वाटू दे.

मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे. कन्नड आमच्या बैलहोंगलच्या टेक्निशियन बाईंनी केलं. आमच्या भागात पाटीवरच्या भाषेवरून काय काय होतं ते सांगायला नको, पण 'रॅम' आणि 'डिस्क' दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे काम एका दुपारीत संपलं.

पैसे मिळवून दिले ते डिस्कच्या ओळींनी. डिस्क स्वतःची तब्येत स्मार्ट नावाच्या यादीत लिहीत असते: नऊ नंबरला किती तास चालली, पाच नंबरला किती खराब सेक्टर बदलून घेतले, १९७ ला किती सेक्टर संशयात आहेत. एकदा एका होलसेलवाल्याकडून 'नवीन' म्हणून आलेली डिस्क लावली, तर नऊ नंबरला ११ हजार तास. सव्वा वर्ष अखंड फिरलेली! परत पाठवली, माल घेणंही थांबवलं. निपाणीच्या एका तंबाखू वखारीत १९७ चा आकडा दोन भेटींत वाढलेला दिसला. मालक म्हणाले, दिवाळीनंतर बघू. आम्ही टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या प्रोग्रॅमचा, बॅकअप त्याच दिवशी पेनड्राइव्हवर घेऊन दिवाणजींच्या हातात दिला. डिस्क दसऱ्यालाच गेली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबला, तसा जिन्यावर नवा प्रश्न आला, 'आमच्यावर ११ चढतंय का?' म्हणून पानावर टीपीएमची, म्हणजे मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयीची, ओळ वाढवली. ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि बऱ्याच मशिनांत ते असतं पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगमध्ये, बंद असतं. अशात एक दिवस तेच सेक्रेटरी तीन डबे रिक्षातून घेऊन आले. आता रिटायर झालेत, पण संस्थेचं काम सोडवत नाही. मी स्क्रूड्रायव्हर उचलला तर म्हणाले, "आधी प्रिंट." तिन्ही प्रिंट चष्मा वर करून वाचल्या, खिशातलं पेन काढलं आणि प्रत्येक पानावर रॅमच्या ओळीपुढे स्वतःच्या हातानं टिक करून मगच सही केली.